खेळ, दिवसातून एकदा

अतितीव्र कुपोषित मुलावर उपचार कसे करावेत, याची जागतिक आरोग्य संघटनेने दहा पायऱ्यांची यादी केली आहे. सुरुवातीच्या पायऱ्या कुणालाही पटतील अशा आहेत. रक्तातली साखर घसरू देऊ नका, अंग गार पडू देऊ नका, शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर जपून भरून काढा, जंतुसंसर्ग आवरा, आहार हळूहळू वाढवा. नवव्या पायरीवर भलतंच काही लिहिलेलं सापडतं. मुलाशी रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळा, आणि या खेळात आईला सामील करून घ्या. सोबत खेळण्यांची यादीही आहे: खुळखुळा, दोरीला बांधलेली कडी, आरसा, बाटल्यांच्या टोपणांची उतरंड, चिंधीची बाहुली. औषधांच्या मात्रा सांगणाऱ्या कागदावर चिंधीची बाहुली येते, ती करमणूक म्हणून नव्हे, उपचार म्हणून. आपल्या देशातल्या पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ मध्ये निघालेल्या सूचनांतही खेळाला जागा आहे.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. हक्क मागून घ्यावा लागतो एवढ्यापुरती आपण ती वापरतो, पण कुपोषणात ती अक्षरशः खरी होते. कारण बराच काळ अर्धपोटी राहिलेलं मूल रडतच नाही. असलेली शक्ती पुरवून वापरायची म्हणून शरीर आधी हालचाल कमी करतं, पाठोपाठ कुतूहलही आटतं. मूल हट्ट करत नाही, हात पसरत नाही, कुणी आलं तरी मान वळवून बघत नाही. घरात त्याचं कौतुकही होतं, ‘गुणाचं आहे, जरा त्रास देत नाही.’ सकाळपासून राबणाऱ्या बाईच्या हाताशी चार मुलं असतील, तर मागणाऱ्याला आधी मिळतं आणि न मागणारं मागे राहतं. मूल थंड म्हणून आईचं बोलणं कमी, आणि बोलणं कमी म्हणून मूल आणखी थंड. इथे नुसता घास वाढवून भागत नाही. मुलाने मागायला लागावं आणि आईला ते ऐकू यावं, ही दोन्ही कामं करावी लागतात. खेळाचा उपयोग नेमका इथे होतो.

अशा खेळाची गरज जवळच्या ठाणे जिल्ह्यातही आहे. ठाणे जिल्हा म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्या इमारती आणि लोकल. पण २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाण्यातही शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. माहुलीचे सुळके आणि कसाऱ्याचा घाट एकीकडे, माळशेज आणि नाणेघाट दुसरीकडे, मध्ये पसरलेले पाडे आणि वाड्या. इथे म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली राहतात. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यातली. एकट्या भातशातून मुंबईचं जवळपास निम्मं पाणी जातं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात. आई-मुलाच्या खेळाच्या लेखात पाण्याचं रडगाणं कशाला, असं वाटेल. तो हिशेब पुढे येतोच.

खेळातून आई-मुलाचं नातं सावरण्याच्या ज्या पद्धती जगभर वापरल्या जातात, त्यातल्या दोन महत्त्वाच्या पद्धती टंचाईतून जन्मल्या, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९६७ साली शिकागोमध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ या सरकारी कार्यक्रमाचं काम चालू होतं. मुलं हजारो, मानसोपचार करणारे मोजके. ॲन जर्नबर्ग यांनी मग पदव्यांचा नाद सोडला आणि मुलांत रमणारी, उत्साही, साधी माणसं निवडून त्यांना तयार केलं. त्या कामातून ‘थेराप्ले’ ही पद्धत घडत गेली, आणि फिलिस बूथ यांनी ती पुढे वाढवली. त्याच दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने वेगळ्या वाटेने तोच विचार केला: तज्ज्ञाने मुलाशी खेळायचं आणि आईने बाहेर बाकावर बसायचं, हे उलटं का करू नये? त्यांनी आईबापांनाच खेळायला शिकवलं. या पद्धतीला ‘फिलियल थेरपी’ म्हणतात. तज्ज्ञ आठवड्यातून एकदा भेटणार आणि आई रोज, तेव्हा औषध आईच्या हातात असलेलं बरं, इतका हा सरळ हिशेब.

थेराप्लेची गंमत अशी की तिला खेळणी जवळजवळ लागतच नाहीत. तिथलं मुख्य खेळणं म्हणजे समोरचं माणूस. सुरुवातीला सल्लागार आई-मुलाला एकत्र बसवून छोटी कामं देतो आणि नुसतं बघतो: एकमेकांना घास भरवा, एकमेकांच्या डोक्यावर टोपी घाला, आई क्षणभर बाहेर जाऊन परत येऊ दे. मूल आईकडे बघतं का, आईचा हात मुलापर्यंत सहज जातो का, मूल कावरंबावरं झालं तर आईच्या ते लक्षात येतं का, हे यातून दिसतं. मग खेळ ठरतात. हातावर हात रचत मनोरा करायचा. पायाची बोटं मोजायची. कापसाचा बोळा फुंकून एकमेकांकडे पाठवायचा. सुतळीने मुलाचा हात, कान, हसू मोजायचं. हाताला तेल लावून जुन्या खरचटल्याची विचारपूस करायची. पद्धत या सगळ्याचे चार धागे सांगते: खेळाची सूत्रं मोठ्याच्या हातात असल्याने मिळणारी निश्चिंती, दोघांचं एकमेकांत रमणं, माया-जोपासना, आणि जमेल इतपतच आव्हान.

हे वाचून शहापूरची एखादी आजी हसेल. न्हाऊ घालताना पायावर पालथं घेऊन तेल चोळणं, झोळीला झोका देताना गुणगुणणं, पदराआड तोंड लपवून ‘बुवाऽऽ कुक’ करणं, यात वेगळं काय आहे? फार काही नाही, आणि म्हणूनच ही पद्धत इथे रुजण्यासारखी आहे. कापसाचा बोळा विकत आणायची गरज नाही. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं फुटली की म्हाताऱ्या उडत घरात येतात, एक धरावी आणि फुंकावी. फक्त आजी-आई जे अधूनमधून, हात मोकळा असेल तेव्हा करतात, ते इथे ठरवून, रोज आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघत करायचं असतं. मुलाच्या चेहऱ्याकडे बघत, हे शब्द महत्त्वाचे.

ते किती महत्त्वाचे, हे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवलं. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी बोलते, हसते. मग सांगितल्याप्रमाणे एकदम चेहरा निर्विकार करते आणि काही मिनिटं तसाच ठेवते. बाळ आधी हसून बघतं, मग हात नाचवतं, बोट दाखवतं, ओरडतं, शेवटी मान फिरवून घेतं. बोलताही न येणाऱ्या जिवाला समोरच्याचं मन आपल्यात नाही हे कळतं आणि तो ते परत मिळवायची खटपट करतो. ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षण आयांना धीर देणारं आहे. अगदी छान जमलेल्या मायलेकरांचेही सूर बराचसा वेळ जुळलेले नसतात. चुकामूक होते, मग कुणीतरी ती सावरतं. नातं पक्कं होतं ते या सावरण्यातून. चोवीस तास मुलात जीव घालून बसणारी आई कुणीच मागितलेली नाही.

मग रोज किती वेळ? १९७०च्या दशकात शीला आयबर्ग यांनी बसवलेल्या, हट्टी आणि आक्रस्ताळ्या मुलांसाठीच्या पद्धतीत घरचा अभ्यास आहे रोज पाच मिनिटांचा. पाचच. पण त्या पाच मिनिटांचे नियम कडक आहेत. खेळ मूल निवडणार. आईने हुकूम सोडायचा नाही, चूक काढायची नाही आणि प्रश्न विचारायचा नाही. मूल काय करतंय ते बोलून दाखवायचं, ते बोललं तर त्याचंच बोलणं परतवायचं, त्याच्यासारखं करायचं, आवडलेलं नेमकं सांगायचं.

यातला प्रश्न न विचारण्याचा नियम आपल्याला सगळ्यात जड जातो, शहरातल्याला तर फारच. मूल खडा उचलतं आणि आपली परीक्षा सुरू होते. हा कुठला रंग? किती आहेत? काकांना म्हणून दाखव. खेळ संपतो आणि तोंडी परीक्षा उरते. पाड्यावरच्या आईला ही सवय उलट कमी असते. तिची अडचण निराळी. ‘पोराशी काय बोलायचं? त्याला कुठं कळतंय?’ असं ती म्हणते. तेव्हा तिला एवढंच सांगावं लागतं की भाकरी थापताना जे करतेस ते मोठ्याने सांग. पीठ घेतलं, पाणी ओतलं, आता तुझी छोटी भाकर. त्यासाठी वेगळा वेळही लागत नाही.

खेळाचा असर मोजता येतो का, ही शंका रास्त आहे. या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा जमैकातला. किंग्स्टन शहरात सॅली ग्रँटहॅम-मॅकग्रेगर यांच्या चमूने १९८०च्या दशकात ९ ते २४ महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी खेळ पोचवला, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. खेळ पोचवायला त्याच परिसरातल्या आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत, आईला मुलाबरोबर खेळवत, आणि खेळणं पुढच्या भेटीपर्यंत घरीच ठेवत. हे दोन वर्षं चाललं. ही मुलं २२ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढलं, तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. हे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. नुसत्या पूरक आहाराने इतका लांबचा फरक पडला नव्हता. याचा अर्थ आहार नको असा कुणी काढू नये. आहाराला खेळाची जोड हवी, एवढाच त्याचा अर्थ.

आईच्या मनाचं काय, हा प्रश्न मात्र बहुतेक कार्यक्रम शेवटी ठेवतात. शेजारच्या गोव्यात म्हापशाच्या एका रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २५२ बाळंतिणींचा अभ्यास केला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के जणींना नैराश्याने गाठलेलं होतं. गरिबी, नवऱ्याचा जाच आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. अशा आयांच्या बाळांची वाढही सहाव्या महिन्यापर्यंत मागे पडल्याचं नंतर दिसलं. नैराश्यातली आई मुलासमोर बसली तरी तिचा चेहरा ट्रॉनिकच्या प्रयोगातल्यासारखाच असतो, फरक इतकाच की तो ठरवून केलेला नसतो. तिला ‘बाळाशी खेळत जा गं’ असं सांगणं हा निव्वळ आणखी एक ठपका. पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांनाच समुपदेशन शिकवलं, तेव्हा सहा महिन्यांनी त्या गटातल्या २३ टक्के आया नैराश्यात उरल्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. आणि पहिल्या गटातले आईबाप मुलांशी जास्त खेळत होते. मन हलकं झालं की खेळ आपोआप येतो, आणि खेळता खेळता मनही हलकं होतं. कुठून सुरुवात करायची ते त्या बाईकडे बघून ठरवावं.

आता पाण्याचा हिशेब. अंगणवाडीताईने विचारलं, ‘वहिनी, बाळाशी खेळता का?’ तर शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर येणारं ठरलेलं उत्तर असतं, ‘खेळाया येळ कुठाय ताई? पोर आपलं आपण खेळतंय.’ या उत्तरात बेफिकिरी शोधणाऱ्याने तिच्यासोबत एक सकाळ काढावी. पाणी, सरपण, चूल, मग शेत किंवा मजुरी. माझं मत स्पष्ट आहे: या भागात आयांना माया शिकवायला कुणी जाऊ नये. माया आहे, मिनिटं नाहीत. जो कार्यक्रम आईची मिनिटं मोकळी करत नाही आणि वर खेळाचा गृहपाठ देतो, तो तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवतो. नळ घराजवळ आला, दुपारी मूल सांभाळायला पाळणाघर मिळालं, तर ते खेळोपचाराचंच काम मानायला हवं.

वीटभट्टीचा प्रश्न याहून अवघड. भाताची कापणी-झोडणी उरकली, दिवाळी झाली की कातकऱ्यांची कुटुंबं भट्टीमालकाची उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मोबदला हजार विटांवर ठरतो, नवरा-बायको जोडीने राबतात, आणि तान्हं मूल भोंग्यात किंवा मातीच्या ढिगाशेजारी. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून केलेलं तात्पुरतं खोपटं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वसई परिसरात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या या मुलांसाठीच. पण त्या शाळा थोड्या मोठ्या मुलांच्या. दोन वर्षांच्या पोराला शाळा काय उपयोगाची, त्याला आईच हवी. तिथे एक गोष्ट मात्र भरपूर असते, मळलेली माती. आईने विटा पाडता पाडता गोळा पुढे केला आणि मुलाने त्याची वेडीवाकडी वीट केली, की तोही खेळच. फक्त कुणीतरी तिला सांगायला हवं की हे वेळ घालवणं नाही.

आदिवासी भागात मुलांमागे घरापर्यंत जाण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे वापरले. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं काढणं हाही तिथे शिक्षणाचाच भाग होता. जर्नबर्ग ज्याला जोपासनेचा धागा म्हणतात, तो इथे त्यांच्या वीसेक वर्षं आधीपासून हातात धरलेला दिसतो. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी देशभर गेली. महाराष्ट्रात ती योजना मेळघाटातल्या धारणीपासून सुरू झाली. मात्र वाटेत कोसबाडचा खेळ मागे पडला आणि खिचडी, वजनकाटा, रजिस्टर पुढे आले.

बिया-खड्यांवरून एक सावधगिरी सांगतो. गुंजेच्या लालभडक बिया मुलांना फार आवडतात आणि रानात मुबलक मिळतात, पण त्या विषारी असतात. चिंचोके, खडे, छोटी टोपणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात. त्या वयाला मोठं टोपण, चिंध्यांचा चेंडू, मोकळा डबा, सागाचं पान पुरतं.

खेळाला सगळे रोग बरे करायला लावू नये, हेही सांगितलं पाहिजे. मूल नजर देत नाही, वर्षाचं झालं तरी बसत नाही, आवाजाला दाद देत नाही, तर कारण आईच्या वागण्यात शोधत बसू नये. अशा मुलाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावं. घरात दारू आणि मारहाण असेल तर आधी आईला सुरक्षित करावं लागतं. एकेकाळी स्वमग्नतेचं खापर मायेत कमी पडलेल्या आयांवर फोडलं गेलं होतं, ती शिकवण विज्ञानाने कधीच टाकून दिली. तिच्या आठवणीने तरी ‘आई चुकते’ हे वाक्य जपून वापरावं.

राहिला प्रश्न कुणी आणि केव्हा करायचं याचा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा आराखडा काढला, त्यात ३६ महिन्यांच्या कृतींचं वेळापत्रक आहे, आणि ते गृहभेटीतून पोचवायचं आहे. म्हणजे पुन्हा अंगणवाडीताईच. तिच्यावर घरपोच आहाराचं वाटप, ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवरच्या नोंदी, सर्वेक्षणं सगळं आहे. म्हणून सगळ्या घरांचा हट्ट न धरता, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या, म्हणजे अतितीव्र कुपोषित, आणि नुकत्याच सावरलेल्या मुलांची घरं आधी घ्यावीत. ग्राम बालविकास केंद्रात ही मुलं आणि त्यांच्या आया तशाही येतात.

वेळ भाताकडे बघून ठरवावी. आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, आई दिवसभर चिखलात वाकलेली, कापणीत पुन्हा शेतात, दिवाळीनंतर भट्टीवर. आवणी संपल्यापासून कापणी लागेपर्यंत साधारण आठ आठवडे सापडतात, गौरी-गणपती धरून. आठवड्याला एक भेट, प्रत्येक भेटीत एकच नवा खेळ, आधीचा आईने करून दाखवायचा. मग कुटुंब भट्टीवर निघताना आठ चित्रांचं एक कार्ड आईच्या गाठोड्यात द्यावं. अक्षरं नकोत, चित्रंच, आणि जमलेल्या खेळांवर कुंकवाचा ठिपका. पोषण ट्रॅकरवर मुलाचं नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं. भिवंडीकडच्या ताईने नाव घेताना ते कार्ड मागितलं, तर नववी भेट भोंग्याच्या दारातच होऊ शकते.